बिटव्हीएम वापरताय? या चुका टाळा

बिटकॉइनचा एकही नियम न बदलता त्यावर हवा तो प्रोग्राम तपासून घेता येईल, ही कल्पना रॉबिन लिनस यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये बिटव्हीएमच्या निबंधात मांडली. सॉफ्ट फोर्क (बिटकॉइनच्या नियमांतला बदल) नको, नवा ओपकोड (स्क्रिप्टमधली आज्ञा) नको. नोव्हेंबर २०२१ मध्ये लागू झालेलं टॅपरूट (खर्चाच्या अटी झाडाच्या पानांसारख्या मांडायची सोय), हॅश (माहितीचा ठसा) आणि टाइमलॉक (ठरल्या वेळेआधी खर्च रोखणारी अट) एवढ्यावर काम भागतं. पण हे बांधायला घेणारे बहुतेक जण सगळा जीव प्रोग्रामवर ओततात आणि वाद झाल्यावर काय करायचं, हा भाग शेवटच्या आठवड्यात उरकतात. खरं काम त्या भागातच असतं.

साखळी प्रोग्राम चालवेल असं समजणं

ती, म्हणजे बिटकॉइनची ब्लॉकचेन, तो चालवत नाही. गणित बाहेर होतं. ऑपरेटर (प्रोग्राम चालवणारा) निकाल जाहीर करतो, अनामत अडकवतो आणि ठरलेल्या मुदतीत कुणी हरकत घेतली नाही, तर निकाल मान्य होतो. हरकत आलीच तर नोड (नियम तपासणारे संगणक) फक्त वादातली पायरी तपासतात. मूळ आराखड्यात प्रोग्राम नँड गेटांमध्ये (अगदी साध्या तर्काच्या पायऱ्यांमध्ये) फोडून दोन पक्षांत सवाल-जवाब चालायचे. ऑगस्ट २०२४ मधल्या बिटव्हीएम२ मध्ये स्नार्क पुराव्याची (गणित बरोबर झाल्याच्या छोट्या पुराव्याची) तपासणीच तुकड्यांत विभागली आणि हरकत घेण्याची मुभा कुणालाही मिळाली. त्यामुळे इथरियमच्या सवयीने गॅस (प्रत्येक पायरीचं शुल्क) मोजत बसू नका. सगळं सुरळीत चाललं तर खर्च किरकोळ असतो. हिशेब वाद पेटल्यावरच्या खर्चाचा करा.

तुकडे सुटे चालतात, जोडले की स्क्रिप्ट कोसळते

सर्वांत जास्त वेळ इथे जातो. स्टॅक (स्क्रिप्ट मूल्यं ठेवते ती चळत) आणि ऑल्टस्टॅक (जोडीची दुसरी चळत) मिळून १,००० घटकांची मर्यादा आहे, एका घटकाला ५२० बाइटांची. बेरीज-वजाबाकी ४ बाइटांपर्यंतच्या आकड्यांवरच होते. स्नार्क तपासणीत लागणाऱ्या बीएन२५४ वक्रावरचा २५४ बिटांचा एक आकडा २९ बिटांच्या ९ तुकड्यांत ठेवावा लागतो, म्हणून साध्या गुणाकाराचीही लांबलचक स्क्रिप्ट होते. टॅपस्क्रिप्टने (टॅपरूटच्या पानांतल्या स्क्रिप्टने) १०,००० बाइटांची आणि २०१ ओपकोडांची जुनी बंधनं काढली, स्टॅकचं मात्र तसंच ठेवलं.

जोडल्यावर कोसळण्याचं नेहमीचं कारण असं, की विटनेसमधून (व्यवहारासोबत जोडलेल्या सह्या-पुराव्यांतून) येणारे सगळे घटक स्क्रिप्ट सुरू होतानाच स्टॅकवर बसलेले असतात, सह्यांची हॅश मूल्यंसुद्धा. सुट्या चाचणीत ते नसतातच. स्टॅकची कमाल उंची अंतिम स्क्रिप्टवर, खऱ्या विटनेससह मोजा. जाता जाता आणखी एक: टॅपस्क्रिप्टमध्ये ओपी-इफ या अट तपासणाऱ्या ओपकोडला रिकामं मूल्य किंवा नेमका १ लागतो. तिथे २ आला, तर व्यवहारच अवैध ठरतो.

बंद ओपकोड वापरून बघणं

ओपी-कॅट (दोन मूल्यं जोडणारा) आणि ओपी-मल (गुणाकार करणारा) २०१० पासून बंद आहेत. जुन्या स्क्रिप्टमध्ये ते टाकले तर व्यवहार फसतो, एवढंच. टॅपस्क्रिप्टमध्ये मात्र हेच ओपकोड ओपी-सक्सेस गटात मोडतात. स्क्रिप्टमध्ये त्यातला एक जरी सापडला, तरी उरलेलं काही न तपासता स्क्रिप्ट यशस्वी मानली जाते. सही नको, हॅश नको. नोड असा खर्च सहसा पुढे पाठवत नाहीत, म्हणून चाचणीत तो अडकतो आणि 'मेमपूलचं (ब्लॉकची वाट पाहणाऱ्या व्यवहारांच्या रांगेचं) धोरण आड आलं असेल' म्हणून दुर्लक्ष होतं. मायनर (ब्लॉक तयार करणारा) मात्र तो थेट ब्लॉकमध्ये घालून पैसे उचलू शकतो. प्रयोगासाठी ओपी-कॅट घातलेला नमुना कोड कुठून उतरवून घेतला असेल, तर आधी ते शोधा.

टॅपरूटची अंतर्गत कीही (पानं न वापरता थेट खर्च करू देणारी) इथेच तपासून घ्या. झाडात हजार पानं काळजीने रचली आणि अंतर्गत की एकट्या ऑपरेटरची ठेवली, तर तो एका सहीत सगळ्या पानांना वळसा घालतो. तिथे सर्वांची मिळून एक की हवी, नाहीतर जिची खाजगी की कुणाकडेच नाही असा बिंदू. टॅपरूटचे नियम सांगणाऱ्या बीआयपी ३४१ मध्ये असा बिंदू दिलेला आहे.

एकदाच वापरायच्या की दुसऱ्यांदा वापरणं

बिटकॉइन स्क्रिप्टला स्मरण नाही. एका व्यवहारातलं मूल्य दुसऱ्यात तेच राहिलं, हे लॅम्पोर्ट किंवा विंटरनिट्झ या हॅशवर आधारलेल्या सह्यांनी बांधून ठेवतात. या की एकदाच वापरायच्या, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी चूक होते, कारण ती पुन्हा सुरू झालेल्या सर्व्हरकडून होते. ग्रोथ१६ या प्रकारच्या स्नार्क पुराव्यात यादृच्छिकता असते, म्हणजे तोच प्रोग्राम आणि तेच इनपुट असूनही दुसऱ्या वेळी वेगळा पण वैध पुरावा तयार होतो. सर्व्हर मध्येच पडला, उठून त्याने पुरावा नव्याने काढला आणि त्याच कीने सही केली, की प्रामाणिक ऑपरेटरही दुटप्पी दिसतो. मूळ बिटव्हीएममध्ये एका बिटासाठी ० आणि १ दोन्हींची गुपितं उघडणाऱ्याची अनामत जाते. विंटरनिट्झमध्ये दोन सह्यांचे भाग जुळवून तिसरी बनावट सही तयार करायला वाव मिळतो. म्हणून पुरावा आधी डिस्कवर पक्का लिहा, मग सही करा. जुन्या बॅकअपवरून ऑपरेटर कधीही थेट सुरू करू नका.

विंटरनिट्झमध्ये चेकसमचे (आकडा बदलला का ते पकडणारे) अंकही तपासा. ते नसले, तर हॅश साखळीत पुढे सरकून आकडा बदलणं कुणालाही जमतं.

शुल्क आणि मुदत

आधीच सही केलेल्या व्यवहाराचं शुल्क नंतर बदलत नाही. मेमपूल तुंबला की तो पडून राहतो आणि मुदत संपते. शुल्क वाढवायला अँकर आउटपुट (जादा शुल्क भरणारा व्यवहार जोडायची जागा) ठेवा. बिटकॉइन कोअर २८.० पासून मिळालेली व्हर्जन ३ व्यवहारांची सोय उपयोगी आहे, पण तिथे व्यवहार १०,००० व्हीबाइटांपर्यंतच (व्यवहाराच्या आकाराचं माप) चालतो, म्हणून मोठ्या व्यवहारांना ती लागू पडत नाही. ४ लाख वजनाच्या (आकाराचंच दुसरं माप) वरचे व्यवहार तर सामान्य नोड पुढे पाठवतच नाहीत. ब्लॉकची मर्यादा ४० लाख आहे म्हणून स्क्रिप्ट तेवढी वाढवली, तर ऐन वादात मायनर गाठत फिरावं लागेल. हरकतीची मुदत ठरवताना तो वेळही धरा. १४४ ब्लॉक म्हणजे सरासरी एक दिवस, आणि त्या दिवशी पाळत ठेवणारं यंत्र बंदही असू शकतं.

'कुणावर विश्वास लागत नाही' ही जाहिरात

लागतो. ब्रिजच्या (बिटकॉइन दुसऱ्या साखळीवर नेणाऱ्या व्यवस्थेच्या) सुरुवातीला सह्या करणाऱ्यांपैकी एकाने तरी आपली की खरोखर नष्ट केलेली असावी लागते. सगळे संगनमताने फिरले, तर पैसे जातात. सगळे ऑपरेटर थांबले, तर पैसे चोरीला जात नाहीत पण अडकतात. हे दोन धोके वेगळे आहेत, वापरणाऱ्यांना वेगळेच सांगा.

सोडण्याआधी पुराव्यातला एकेक तुकडा मुद्दाम बिघडवून हरकतीचा व्यवहार दुसऱ्या यंत्रावरून, टेस्टनेटवर (सरावाच्या साखळीवर), शुल्क चढलेलं असताना पाठवून पाहा. एकाच तुकड्यावर थांबू नका, प्रत्येक पानाची हरकत निदान एकदा तरी साखळीवर चढलेली दिसली पाहिजे.