टँक मोठा म्हणून काहीही चालत नाही: मासे एकत्र सोडताना या चुका टाळा

चार-पाच फुटी टँक घरात आला की पुढच्या रविवारी सगळं घर माशांच्या दुकानात हजर. मुलाला ‘शार्क’ हवा, मुलीला नारंगी पॅरट, बाबांना ऑस्कर, आणि दुकानदार जाता जाता ‘काच साफ करायला’ म्हणून एक सकर पिशवीत टाकतो. सगळी पिल्लं दोन-अडीच इंचांची. एवढ्या पाण्यात ती दिसतही नाहीत, म्हणून आणखी दहा-बारा येतात. पहिले काही महिने सगळं गुण्यागोविंदाने चालतं. मारामाऱ्या सुरू होतात त्या पिल्लं वयात आल्यावर, आणि तोवर दुकानदार मासे परत घ्यायला तयार नसतो.

दोन फुटी टँकवाला हात राखून मासे घेतो. फसतो तो मोठ्या टँकवाला, कारण रिकामी जागा त्याला बघवत नाही. निवड करताना समोरचं पिल्लू विसरून दोन वर्षांनंतरचा मासा डोळ्यांसमोर आणला, तर खालच्या बऱ्याचशा चुका होणारच नाहीत.

पिल्लू बघून मासा घेणं

ऑस्करला नीट खायला मिळालं तर तो वर्षभरात ८-१० इंच होतो, पुढे फूटभर. ‘शार्क’ म्हणून मिळणारा रुपेरी-काळा मासा खरं तर पंगस, हॉटेलात ‘बासा’ या नावाने ताटात येतो तोच. तो ३ फुटांच्या पुढे जाऊ शकतो आणि घाबरट इतका की दार आपटलं तरी काचेवर धडकून नाक सोलून घेतो. बाला शार्क फूटभराचा. रेड टेल कॅटफिशचं पिल्लू मिशा हलवत फिरताना फार गोड दिसतं, पण तो अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला ३-४ फुटांचा शिकारी आहे. घरात बसेल असा टँक त्याच्यासाठी नसतोच. ‘पिरान्हा’ म्हणून गळ्यात मारला जाणारा लाल पोटाचा मासा बहुधा पाकू असतो, म्हणजे मासळी बाजारातला रूपचंद.

सकरबद्दल तर सर्वांत जास्त गैरसमज. तो शेवाळ खातो, पण लहानपणी. दीड फुटांपर्यंत वाढणारा हा मासा मोठा झाला की तयार खाद्यावर ताव मारतो आणि घाण साफ करण्यापेक्षा जास्त करतो. शिवाय रात्री गोल्डफिश किंवा डिस्कससारख्या संथ माशाच्या अंगाला चिकटून त्याचा बुळबुळीत थर खरवडायची त्याला खोड लागते. सकाळी माशाच्या कुशीवर फिकट, गोलसर चट्टा दिसला तर आधी सकरकडे बघा, औषधाकडे नंतर. शेवाळासाठी कोणी हवंच असेल तर सकरचाच लहान भाऊबंद, ब्रिसलनोज घ्या. तो पाचेक इंचांवर थांबतो आणि काम प्रामाणिकपणे करतो.

लिटर मोजणं, तळ न मोजणं

५ × २ × २ फुटांचा टँक म्हणजे २० घनफूट, साधारण ५६० लिटर. आकडा ऐकून माणूस हुरळतो. पण तळाशी हद्द आखणारे मासे लिटर बघत नाहीत, जमीन बघतात. उंच, अरुंद ‘शोपीस’ टँकमध्ये पाणी भरपूर असलं तरी सिक्लिडांना (ऑस्कर, एंजल याच कुळातले) भांडायला एकच कोपरा उरतो. रुंदीही बघा: सव्वा फूट रुंदीच्या टँकमध्ये फूटभर लांबीच्या ऑस्करला धड वळताही येत नाही. ‘एका गॅलनला (सुमारे पावणेचार लिटरला) एक इंच मासा’ हा हिशेब छोट्या टेट्रांपुरता ठीक आहे. बारा इंचांचा एक ऑस्कर जेवढी घाण करतो, तेवढी एकेक इंचाचे बारा टेट्रा करत नाहीत.

तोंडात मावेल ते खाद्य

यात चर्चा नाही. मासा शांत असो वा तापट, दुसरा तोंडात मावला की तो गेला. एंजल आणि निऑन टेट्रा ही लोकप्रिय जोडी इथेच फसते: एंजल रुपयाएवढे असताना सगळं छान, वीतभर पंख पसरायला लागले की निऑन रोज एकेक करून कमी होतात आणि मेलेला मासा कुठे दिसतही नाही. ‘मासे गायब होतात’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. टँकला झाकण नसेल तर मात्र आधी मागची जमीन तपासा. उडी मारून गेलेलेही असतात.

पाणी वेगळं, टँक एकच

आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे रंगीत सिक्लिड आणि अ‍ॅमेझॉनचे मासे दुकानात शेजारी-शेजारी ठेवलेले असतात, म्हणून घरीही शेजारी जातात. मलावीवाल्यांना जड, अल्कधर्मी पाणी लागतं, पीएच साधारण ७.८ ते ८.६. डिस्कसला मऊ, किंचित आम्लधर्मी आणि २८ ते ३० अंश गरम. गोल्डफिशला तेवढ्या उष्णतेत धाप लागते. बोअरच्या जड पाण्यावर राहणाऱ्यांनी डिस्कसच्या मागे लागून पाण्याशी झगडण्यापेक्षा मलावी टँक करावा. तो तेवढाच रंगीत दिसतो आणि खर्चही कमी होतो. फक्त मलावीचे दगडांवरचं शेवाळ खाणारे मासे आणि मांसाहारी मासे एकत्र नकोत. मांसाहाऱ्यांसाठी टाकलेलं मांसल खाद्य शेवाळ खाणाऱ्यांनी रोज खाल्लं की ते पोट फुगून दगावतात.

आपल्या पश्चिम घाटातली मिस केरळ, शास्त्रीय भाषेत सह्याद्रिया डेनिसोनी, हीसुद्धा चुकीच्या सोबतीला दिली जाते. केरळ-कर्नाटकातल्या वाहत्या ओढ्यांची ही मासळी: २२ ते २५ अंशांचं, खळाळतं, प्राणवायू भरपूर असलेलं पाणी तिला आवडतं. डिस्कसच्या कोमट टँकमध्ये ती तगते, रमत नाही. निसर्गात ती धोक्यात आहे, त्यामुळे घ्यायचीच तर टँकमध्ये पैदास झालेली कुठे मिळते ते विचारून घ्या, आणि सहा-आठच्या खाली नको.

संख्या चुकणं

टायगर बार्ब तीन घेतले की ते एंजलचे लांब पंख कुरतडतात. दहा-बारा घेतले की त्यांची भांडणं आपसांतच राहतात. तरीही एंजलबरोबर ते नकोच. सिल्व्हर डॉलर पाच-सहा हवेत, एकटा पडला तर कोपऱ्यात भेदरून बसतो. उलट रेनबो शार्क किंवा रेड टेल शार्क अख्ख्या टँकमध्ये एकच. फ्लॉवरहॉर्नला कोणीच नको. वास्तूसाठी आणलेला असला तरी तो शेजाऱ्यांची वास्तुशांती करून टाकतो.

कॉन्व्हिक्ट सिक्लिडची जोडी हे वेगळंच प्रकरण आहे. इन-मिन चार इंचांचे मासे, पण अंडी दिली की पाच फुटी टँकचा निम्मा भाग त्यांचा. दगडाखालची वाळू तोंडाने उपसून खड्डा करतात, नर बाहेर पहाऱ्यावर उभा, आणि दुप्पट आकाराचे ऑस्करसुद्धा फिल्टरच्या पाइपमागे वरच्या कोपऱ्यात दाटीवाटीने लटकलेले. नर-मादी वेगळे करा, नाहीतर जोडीला स्वतंत्र टँक द्या. तिसरा उपाय नाही.

भांडण सुरू झालंय, आता काय?

आधी भांडणच आहे ना, ते ठरवा. पंखाला सरळ चीर किंवा स्वच्छ तुकडा गेलेला असेल तर चावा आहे. कडा पांढुरकी, झिजल्यासारखी आणि रोज थोडी पुढे सरकत असेल तर पंख कुजतोय, आणि त्याचं मूळ पाण्यात आहे. सगळेच मासे वर येऊन तोंड मारत असतील तर ते भांडण नव्हे. प्राणवायू कमी पडतोय किंवा अमोनिया वाढलाय. एअर पंप वाढवा, चौथाई पाणी बदला, नळाचं असेल तर क्लोरिन काढूनच. नव्या टँकचा फिल्टर पिकायला, म्हणजे त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला, चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी मोठे मासे भरले की ही वेळ येतेच.

भांडणच असेल तर दंगेखोर मासा आठवडाभर दुसऱ्या टँकमध्ये ठेवा आणि मधल्या काळात दगड, लाकूड, कुंड्या सगळं हलवा. परत आल्यावर त्याची जुनी हद्द उरलेली नसते, त्याला नवखा म्हणून सुरुवात करावी लागते. नवा मासा सोडतानाही हीच युक्ती: सामान हलवा, आधी बाकीच्यांना खायला घाला, दिवे बंद करून मग सोडा. त्याआधी दोन-तीन आठवडे त्याला वेगळं ठेवलेलं असावं. मवाळ मासे आधी, तापट शेवटी. एवढं करूनही तोच मासा दुसऱ्याला एका कोपऱ्यात कोंडत असेल तर थांबू नका, त्याला कायमचा काढा.

काढलेला मासा दुकानदार घेत असेल तर त्याला, नाहीतर दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा. नदीत किंवा धरणात सोडणं हा दयाळूपणा नव्हे. उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात सकर येऊ लागलेत ते असेच.

मग जमतं तरी कोण?

मी आधी एक मुख्य मासा ठरवतो आणि बाकी सगळे त्याच्या स्वभावाला धरून. पाच फुटी टँकमध्ये दोन सेव्हरम (ऑस्करपेक्षा मवाळ सिक्लिड), पाच-सहा सिल्व्हर डॉलर, तळाला वाळू चाळणारे चार-पाच जिओफॅगस आणि एक ब्रिसलनोज, हा संच शांत चालतो. सेव्हरमऐवजी पॅरट चालतील. त्यांचं तोंड पूर्ण मिटत नाही, म्हणून ऑस्करशी त्यांची गाठ घालू नये. ऑस्करच हवा असेल तर सहा फुटी टँकमध्ये एक जोडी, सोबत सिल्व्हर डॉलर, आणि बस्स. यांतल्या कुठल्याही संचात पानवनस्पती लावायचा विचार सोडा. सिल्व्हर डॉलर ती खातील, ऑस्कर आणि जिओफॅगस उपटतील. लाकडाला बांधलेलं अनुबियास तेवढं कधीकधी टिकतं.