उभी गाडी बॅटरी पिते? या चुका टाळा

चार-पाच दिवस गाडी उभी होती, सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टकटकटक. यावर बहुतेकांचं औषध ठरलेलं: नवी बॅटरी. ती बसते, गाडी चालू होते, आठवडाभर सगळे खूश असतात. मग एका सोमवारी पुन्हा टकटक. नळ गळत असताना टाकी बदलण्यातला प्रकार आहे हा.

आधी बॅटरी खरंच म्हातारी झाली आहे का ते बघा. पूर्ण चार्ज करा, रात्रभर निगेटिव्ह (−) केबल काढून ठेवा आणि सकाळी मल्टिमीटर लावा. 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक. काहीही जोडलेलं नसताना ती रातोरात 12.2 वर आली, तर दोष बॅटरीचाच. ती बदला आणि पुढचं वाचू नका. 12.6 टिकले, तर निदान रातोरात स्वतःहून उतरणारी तरी ती नाही. आता गाडीत कोण पितंय ते शोधायचं. गाडी चालू असताना टर्मिनलवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे नसतील तर बॅटरी उतरत नाहीये, ती भरतच नाहीये. तो आजार वेगळा.

बंद गाडीही थोडा करंट घेतेच: घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म, ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची) मेमरी. 50 मिलिअँपिअरपर्यंत मी डोळेझाक करतो. पण तेवढ्यानेही दिवसाला 1.2 अँपिअर-अवर जातात, म्हणजे छोट्या गाडीची 35 ची बॅटरी पंधरा दिवसांत अर्धी. महिनाभर गावाला जाऊन आल्यावर गाडी बंद पडली, तर कुणाला दोष देऊ नका.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. मीटर लावला, आकडा मोठा दिसला, की लगेच 'शॉर्ट आहे' म्हणून गाडी उकलायला घ्यायची.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने व्हिडिओ बघून मीटर आणला. वडिलांच्या गाडीला आठवड्यातून एकदा दुसऱ्या बॅटरीने जंप द्यावी लागत होती. मी खाली उतरलो तेव्हा बॉनेट उघडं, चारही दारं उघडी, डॅशबोर्डचा अर्धा भाग मागच्या सीटवर. "काका, अडीच अँपिअर दाखवतोय! वायरिंग जळलंय नक्की." अरे बाबा, दारं उघडी, आतले दिवे चालू, किल्ली तुझ्या खिशात. गाडी टक्क जागी आहे, अडीच अँपिअर नाही दाखवणार तर काय! दारं बंद कर, किल्ली घरी ठेवून ये आणि अर्धा तास गाडीला हात लावू नको, आतलं इलेक्ट्रॉनिक्स झोपू दे म्हटलं. तो अर्धा तास त्याला डॅशबोर्ड उकलण्यापेक्षा जड गेला. दर पाच मिनिटांनी "आता बघू का?"

आकडा उतरत उतरत पावणेतीनशे मिलिअँपिअरवर थांबला. ही खरी गळती. म्युझिक सिस्टिमचा फ्यूज काढला आणि आकडा तिसाखाली. ॲक्सेसरीजच्या दुकानात बसवताना कारागिराने स्टिरिओची लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळून कायमच्या सप्लायला जोडली होती. पिवळी मेमरीसाठी, तिला सतत करंट लागतो. लाल मात्र किल्लीबरोबर चालू-बंद व्हायला हवी. दोन्ही एकत्र बांधल्या की स्टिरिओ गप्प दिसतो, पण झोपत नाही. पाच मिनिटं वाचवायला केलेलं काम, आणि मालकाने त्यापायी एक चांगली बॅटरी भंगारात दिली होती.

माझी पद्धत अशी. बॉनेट आणि ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून त्यांची कुलपं स्क्रूड्रायव्हरने दाबून लावतो, म्हणजे गाडीला सगळं बंदच वाटतं. (दार लावण्याआधी हँडल ओढून कुलूप सोडवा, नाहीतर पत्रा चेपेल.) मीटरची लाल पिन 10 अँपिअरच्या भोकात. एक टोक निगेटिव्ह खांबाला, दुसरं त्या केबलला, आणि मगच केबल सरकवून काढायची. मध्ये सप्लाय तुटला तर गाडी पुन्हा जागी होते. मीटर मध्ये असताना किल्ली फिरवायची नाही, सेल्फ तर नाहीच. मीटरचा फ्यूज उडतो.

सगळे फ्यूज भराभर उपटणं हा आणखी एक घाईचा उद्योग. कोणता कुठला होता हेही लक्षात राहत नाही. मी फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टिकल्यांवर मीटर मिलिव्होल्टला ठेवतो. शून्य दाखवलं तर त्या वाटेने करंट जात नाही. काही दाखवलं तर त्या फ्यूजवर काय काय आहे ते एकेक सुटं करून बघतो.

एकाही फ्यूजच्या वाटेवर गळती सापडली नाही तर? अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर. त्याची जाड वायर बऱ्याच गाड्यांत त्या लहान फ्यूजांमधून जातच नाही, आणि आतला डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा भाग) गळायला लागला की रात्रभर उलटा करंट पितो. निगेटिव्ह काढून ती वायर सुटी करा, टोकाला टेप गुंडाळा आणि मग पुन्हा मोजा. हे न तपासता पूर्ण वायरिंग बदलायला सांगणाऱ्या वायरमनला नमस्कार करून निघा.

बाकीच्या चुका थोडक्यात. चालू इंजिनवर टर्मिनल काढून 'अल्टरनेटर चेक' करणं: जुन्या डायनामोच्या काळची सवय, आजच्या गाडीत ईसीयू जाऊ शकतो. उभ्या गाडीत दहा मिनिटं इंजिन चालवून बॅटरी भरली समजणं: फार तर सेल्फने खाल्लेलं भरेल, उतरलेली बॅटरी नाही. डिकीचा आणि ग्लोव्हबॉक्सचा दिवा न बघणं: आत फोन ठेवून व्हिडिओ चालू करा, झाकण लावा, कळेल. डॅशकॅम थेट बॅटरीला जोडणं: व्होल्टेज उतरल्यावर बंद करणारं किट नसेल, तर पार्किंग मोड (उभ्या गाडीतलं रेकॉर्डिंग) विसरा.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर दहाचा पाना घेऊन निगेटिव्ह काढा. आधी निगेटिव्ह, पॉझिटिव्ह नाही. परतल्यावर घड्याळ लावावं लागेल, काही गाड्यांत एका दाबात काच वर-खाली करणारं ऑटो पुन्हा शिकवावं लागेल, आणि स्टिरिओ कोड मागत असेल तर तो काढण्याआधीच लिहून ठेवा.