छतावर सोलर बसवण्याआधी : अनुदानासाठी घरच्या घरी करायची तयारी

घरावर सोलर बसवायचं मनात आलं की बहुतेक जण पहिला फोन विक्रेत्याला लावतात. माझं सांगणं असं, की तो फोन थोडे दिवस लांबवा आणि आधी कपाटातून विजेचं बिल काढा. 'पीएम सूर्यघर मोफत बिजली योजना' फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. देशभरातल्या एक कोटी घरांसाठी ती आहे आणि तिची मुदत 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंतची आहे. अनुदानाचे आकडे एव्हाना बऱ्याच जणांना पाठ झालेत. संचाच्या क्षमतेतल्या पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, आणि त्यापुढे कितीही मोठा संच बसवला तरी एकूण 78,000. अर्ज मात्र अडकतात ते वेगळ्याच गोष्टींवर. बिलावरचं नाव एक, बँकेतलं दुसरं आणि घर तिसऱ्याच्याच नावावर, अशी परिस्थिती किती घरांत असते ते आपल्याला माहीत आहे.

म्हणून यादीतलं पहिलं काम नावाचं. वीजजोडणी ज्याच्या नावावर, अर्ज त्याच्याच नावाने होतो आणि अनुदानही त्याच्याच बँक खात्यात येतं. वडील जाऊन वर्षं लोटली तरी बिल त्यांच्याच नावाने येत असेल, तर आधी महावितरणकडे नावबदलाचा अर्ज करा. त्यासाठी मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायत हद्दीत नमुना आठचा उतारा, आणि बाकीच्या वारसांची संमती ही कागदपत्रं गोळा करून ठेवा. कागद मिळतात हो, वेळ लागतो तो संमतीला. एक भाऊ पुण्यात, बहीण सुरतेला, आणि 'मीटर नावावर केलं म्हणजे घर नावावर झालं का?' ही शंका सगळ्यांच्या मनात. मीटरवर नाव लागल्याने घराची मालकी बदलत नाही, हे शांतपणे समजावून सांगा आणि सह्या घ्या. सणाला सगळे एकत्र येणार असतील तर तो दिवस सोडू नका. बिलावर आद्याक्षरं आणि आधारवर पूर्ण नाव, किंवा आडनावाच्या स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरक, हेही याच फेरीत दुरुस्त करून घ्या. थकबाकी असेल तर भरून टाका.

बँकेचं काम त्या मानाने सोपं. बिलावर ज्याचं नाव, त्याचं खातं चालू आहे का आणि केवायसी अद्ययावत आहे का, ते शाखेत जाऊन बघा. रद्द केलेला चेक किंवा पासबुकाचं पहिलं पान स्वच्छ स्कॅन करून ठेवा. घरातल्या आजींच्या नावावर जोडणी असेल आणि त्यांचं खातं कित्येक वर्षांत वापरलं नसेल, तर आत्ताच शाखेत केवायसी देऊन ते जागं करून घ्या.

आता बिल पुन्हा हातात घ्या. त्यावर गेल्या बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो. त्या सगळ्या युनिटांची बेरीज करून बाराने भागा. केवळ एप्रिल-मेचा आकडा धरून संच ठरवू नका, कारण त्या दोन महिन्यांत पंखे-कूलर रात्रंदिवस चालू असतात. आपल्याकडे एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिटं देतो, म्हणजे महिन्याला शंभर ते एकशेवीस. वर्षाला 2,640 युनिटं लागत असतील तर महिन्याची सरासरी 220 येते, तेव्हा दोन किलोवॅट पुरतात. येत्या वर्षा-दोन वर्षांत एसी घ्यायचा असेल किंवा विजेवरची स्कूटर येणार असेल, तर तीन घ्या. 'पाचच बसवा, परवडतं' असं कुणी सांगितलं तर वरच्या दोन किलोवॅटवर अनुदानाचा एक रुपयाही वाढणार नाही, हे लक्षात ठेवून हिशेब करा. आणि बिल अगदी शून्य येईल या भरवशावर राहू नका, स्थिर आकार दर महिन्याला भरावाच लागतो.

महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्यांनी राज्य सरकारची 'स्मार्ट' योजना जरूर बघावी. त्यात एक किलोवॅटसाठी केंद्राच्या 30,000 वर राज्याची भर पडते. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला ती 17,500 रुपयांची आहे, त्यामुळे खिशातून जेमतेम अडीच हजार जातात. गरजू घरांपर्यंत ही गोष्ट पोहोचायला हवी असं मला मनापासून वाटतं. तुमच्याकडे काम करणाऱ्या मावशींचं स्वतःचं घर आणि स्वतःचं मीटर असेल, तर त्यांना सांगा, आणि अर्ज भरायला शेजारी बसा.

पुढचं काम छतावरचं, आणि यासाठी घाई करू नका. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते. जागा मोजणं सोपं आहे, सावली ओळखणं अवघड. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो. भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि पाण्याच्या टाकीची सावली टाकीखालीच दडते. त्या दिवसांत पाहणी केली तर सगळं छत मोकळं वाटतं. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेला कलतो आणि पाच फुटी टाकीची सावली ऐन दुपारीसुद्धा उत्तरेकडे साडेचार फूट पसरते, सकाळ-संध्याकाळी तर कितीतरी लांब. म्हणून शक्य असेल तर थंडीतल्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी खडू घेऊन वर जा. सकाळी नऊला, बाराला आणि चारला टाकी, जिन्याची खोली, शेजारचं नारळाचं झाड, डिश अँटेना या सगळ्यांच्या सावल्यांच्या कडा फरशीवर आखा. रेघांबाहेर उरली ती पॅनेलची जागा. ओळीतल्या एका पॅनेलवर सावली पडली तरी सगळ्या ओळीची वीज घटते, त्यामुळे कोपऱ्यातली जराशी सावलीही सोडून देण्यासारखी नसते. पॅनेलांची तोंडं दक्षिणेला ठेवायची, आणि टाकीच्या दक्षिणेकडे जागा मिळाली तर उत्तमच.

स्लॅब गळत असेल तर वॉटरप्रूफिंग आधी करून घ्या. एकदा पॅनेलचा लोखंडी सांगाडा रोवला की तो वीस-पंचवीस वर्षं तिथेच राहणार, आणि नंतर तो उचलून खाली गळती शोधायची म्हणजे दुप्पट खर्च. उंचीचा विचार घरातल्या बायकांना विचारून करा. उन्हाळ्यात कुरडया-पापडांचं वाळवण कुठे घालायचं, कपडे कुठे सुकवायचे, हे त्यांनाच ठाऊक असतं. खालून माणूस चालत जाईल इतका उंच सांगाडा सोयीचा खरा, पण तो महाग पडतो आणि वारा जास्त धरतो. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ घर असेल तर जस्ताचा जाड मुलामा असलेलंच लोखंड मागा, खाऱ्या हवेत हलकं लोखंड टिकत नाही. पत्र्याचं छप्पर असेल तर खालच्या कैच्या भार पेलतील का, ते जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. माझ्या मते पॅनेलच्या ब्रँडवर जितकी चर्चा होते, त्याच्या निम्मी तरी सांगाड्यावर व्हायला हवी.

पैशांची जुळणी करताना एक गोष्ट पक्की धरा : अनुदान शेवटी येतं. संच बसून, नेट मीटर (तुम्ही घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारं मीटर) लागून, तपासणी झाल्यावर ते खात्यात जमा होतं. तोपर्यंतची पूर्ण रक्कम तुम्हालाच उभी करायची आहे. तीन किलोवॅटपर्यंत दोन लाखांचं विनातारण कर्ज सरकारी बँका देतात. त्याचा व्याजदर रेपो दराशी, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याच्याशी, बांधलेला असतो, आणि अर्ज जनसमर्थ पोर्टलवरून करता येतो. साधारण दहा टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते. सप्टेंबर 2025 पासून सोलरच्या साहित्यावरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे, तेव्हा त्याआधीचं जुनं कोटेशन कुणी पुढे केलं तर ते परत करा.

इतकं झालं की मग विक्रेता. सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर नोंदणी असलेल्यांपैकी किमान तिघांकडून लेखी कोटेशन घ्या. अनुदानासाठी पॅनेल 'डीसीआर' असावी लागतात, म्हणजे त्यातले सेलसुद्धा भारतात बनलेले हवेत. बिलात तसं स्पष्ट लिहून घ्या. स्वस्तातली दुसरी पॅनेल लागली तर अनुदान गेलंच म्हणून समजा. इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) कुठल्या कंपनीचा आणि त्याची हमी किती वर्षांची, अर्थिंगचे खड्डे किती, आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक आहे का, पाच वर्षांची देखभाल करारात आहे का, हे सगळं कागदावर हवं. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, आणि शेवटचा हप्ता नेट मीटर चालू झाल्याशिवाय देऊ नका.

योजनेच्या पोर्टलवरची नोंदणी मात्र स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच करा. आमच्या ओळखीतल्या एका घरी एजंटाने 'काका, तुम्ही कशाला त्रास घेता' म्हणत स्वतःचा नंबर टाकला. पुढे त्याचं आणि काकांचं बिनसलं. सगळे ओटीपी त्याच्याकडे, आणि काकांना स्वतःचा अर्ज कुठवर गेला हेही दिसेना. पोर्टलवर नोंदणीला शुल्क नाही. बारा आकडी ग्राहक क्रमांक, मोबाइल आणि ईमेल एवढ्यावर काम सुरू होतं. दहा किलोवॅटपर्यंत तांत्रिक मंजुरीसाठी थांबावं लागत नाही.

संच बसला की लगेच चालू करायचा मोह होतो, तो आवरा. नेट मीटर लागण्याआधी छतावरची वीज जुन्या मीटरमधून बाहेर गेली तर काही मीटर तीही तुमच्या वापरातच मोजतात, आणि बिल फुगतं. दुसरं, वीज गेली की हा साधा ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला, संचही बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून तो मुद्दाम तसा बनवलेला असतो. भारनियमनात पंखा चालायला हवा असेल तर बॅटरीवाला संच लागेल आणि त्याचा खर्च वेगळा. हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

सोसायटीत राहणाऱ्यांचं गणित निराळं आहे. जिन्यातले दिवे, लिफ्ट, पंप यांसाठी सोसायटीला प्रति किलोवॅट 18,000 रुपये मिळतात. गच्ची सामाईक असल्याने आधी सर्वसाधारण सभेचा ठराव करून घ्या.

शेवटी एक फाइल करा. करारनामा, जीएसटीचं बिल, प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक, हमीपत्रं, नेट मीटरचा अहवाल आणि छतावर संचाशेजारी उभं राहून काढलेला फोटो, सगळं तीत ठेवा. पॅनेल वर चढवण्यापूर्वीच मागच्या बाजूच्या क्रमांकांचे फोटो घ्या, एकदा सांगाड्यावर बसली की ते वाचायला शिडी लागते. नेट मीटरनंतरचं पहिलं बिल आलं की आयात आणि निर्यात युनिटांचे दोन्ही आकडे मीटरवरच्या आकड्यांशी ताडून बघा. फरक दिसला तर त्याच आठवड्यात उपविभागीय कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.