डाग दिसला की गोळी? या चुका टाळा

गणपतीच्या आधीचे दोन आठवडे लालबागमधल्या माझ्या दवाखान्यात एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते: तारीख नसताना डाग दिसत आहेत, केमिस्टकडून गोळ्या आणल्या, तरी थांबत नाही. इतकी वर्षे हेच ऐकून या चुका मला तोंडपाठ झाल्या आहेत आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या चुकीत एकदा मी स्वतःही सामील होते.

ती चूक म्हणजे गर्भधारणा आहे की नाही हे न तपासता रक्तस्राव थांबवण्याची गोळी सुरू करणे. काही वर्षांपूर्वी अशाच गर्दीच्या संध्याकाळी तिशी ओलांडलेली एक बाई आली. आठ दिवसांपासून तिच्या अंगावरून थोडे थोडे जात होते. "डॉक्टर, घरी गौरी यायच्या आहेत, तेवढे दिवस थांबवा," एवढीच तिची मागणी होती. शेवटची पाळी कधी आली, असे विचारल्यावर तिने डाग सुरू झाल्याचीच तारीख सांगितली आणि "या वेळी जरा कमीच आहे" असेही म्हणाली. पण बाहेर पंधरा जणी ताटकळत बसल्या होत्या, त्यामुळे मी ते वाक्य कानाआड केले आणि नॉरएथिस्टेरॉन लिहून दिले. चौथ्या रात्री नवरा तिला टॅक्सीतून घेऊन आला. चेहरा पांढराफटक पडला होता, उभे राहिले की भोवळ येत होती, आणि पोटापेक्षा तिची तक्रार खांदा दुखण्याची होती. पोटात रक्त साचून श्वासपटलाला त्रास झाला की कळ खांद्यात उठते. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत रुजला होता आणि नळी फुटली होती. त्याच रात्री शस्त्रक्रिया करून नळी काढावी लागली, बाई वाचली. नळी गोळीमुळे फुटली नव्हती, परंतु त्या गोळीच्या भरवशावर आम्ही दोघींनी चार दिवस घालवले होते.

तेव्हापासून लघवीच्या तपासणीच्या पट्ट्यांचा डबा मी केसपेपरच्या गठ्ठ्यावरच ठेवते, म्हणजे तो उचलल्याशिवाय काही लिहिताच येत नाही. "शक्यच नाही, डॉक्टर" असे म्हणणारीलाही मी आधी तपासणी करायला पाठवते. ही पट्टी शंभर रुपयांच्या आत मिळते आणि पाच मिनिटांत उत्तर देते. त्या पाच मिनिटांसाठी कुरकुर करणाऱ्यांशी वाद घालणे मी सोडून दिले आहे.

दुसरी चूक नव्याने गर्भनिरोधक गोळ्या सुरू करणाऱ्यांची. पहिले तीन महिने मधूनच डाग दिसणे नेहमीचे आहे, कारण गर्भाशयाचे अस्तर नव्या संप्रेरकांना सरावत असते. तेवढा धीर नसलेल्या मुली नवव्या दिवशी डाग पाहून पाकीट टाकून देतात, नवे उघडतात किंवा मैत्रिणीने सांगितलेला दुसरा ब्रँड आणतात, आणि त्या धरसोडीनेच रक्तस्राव वाढतो. म्हणून मी तोंडी हकिकतीवर विश्वास न ठेवता पाकीटच मागवते. माला-डीच्या पाकिटात २१ गोळ्या संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या असतात. पण मध्यंतरी एकीने आणलेले पाकीट असे होते, की मागे छापलेले बाण सोडून तिने कुठूनही गोळ्या काढल्या होत्या, जणू चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले, आणि लोहाच्या तीन गोळ्या पहिल्याच आठवड्यात संपवल्या होत्या. एक गोळी चुकली तर आठवल्याबरोबर ती घ्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळी घ्यावी. दोन किंवा अधिक चुकल्या तर चुकलेल्यांपैकी शेवटची एक घेऊन पाकीट पुढे चालू ठेवावे, सलग सात दिवस गोळ्या होईपर्यंत निरोध वापरावा, आणि चूक पहिल्या किंवा तिसऱ्या आठवड्यातली असेल तर डॉक्टरांना विचारावे. पाकीट टूथब्रशच्या शेजारी ठेवा, असे मी सांगते. मोबाईलचा गजर लोकलच्या गर्दीत वाजतो आणि बंद होतो. तीन महिन्यांनंतरही डाग थांबले नाहीत, तर मात्र संसर्ग, थायरॉईड, गाठ यांचा विचार करावा लागतो.

पाळी पुढे ढकलण्याची गोळी तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायची असते. डाग दिसू लागल्यावर केमिस्टकडे धावून उपयोग नाही. ती गर्भनिरोधक नाही, आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते, याने घाबरू नये. पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्या स्त्रीने ती परस्पर घेऊच नये. देवाला पाळी चालते की नाही, हा प्रश्न माझ्या अखत्यारीतला नाही.

तातडीच्या गर्भनिरोधक गोळीनंतर चार दिवसांनी डाग दिसला, म्हणजे गर्भ राहिला नाही, असे मानू नये. पाळी आठवडाभर लांबली तर तपासणी करावी.

क्षयाच्या औषधांतील रिफॅम्पिसिन गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी करते. तेव्हा दिसणारा डाग ही सूचना असू शकते, म्हणून चालू असलेले प्रत्येक औषध सांगावे.

अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनने पाळी अनियमित होतेच. तेवढ्यासाठी तीन महिन्यांनी येणारा पुढचा डोस चुकवू नये.

संबंधानंतर रक्त दिसले, तर गोळ्यांना दोष देण्याआधी गर्भाशयाचे मुख तपासून घ्यावे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईतल्या वस्त्यांमधील सुमारे दीड लाख स्त्रियांसह केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आरोग्यसेविकांनी व्हिनेगर लावून केलेल्या साध्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. ही तपासणी दोन-तीन मिनिटांत होते.

राहिल्या पाळी गेलेल्या बायका. वर्षभर पाळी नसताना पुन्हा डाग दिसला, की "पुन्हा तरुण झाले" असे हसत सांगणाऱ्या मावशी महिनोन्महिने अंगावर काढतात. एकच डाग असो, सोनोग्राफीने अस्तराची जाडी पाहावी, आणि ती चार मिलिमीटरपेक्षा अधिक असेल किंवा रक्त पुन्हा दिसत असेल, तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवावा. तो अहवाल हाती येईपर्यंत मी संप्रेरकाची एकही गोळी लिहून देत नाही.