स्पोर्टी सेडान घेतलीत ना? मग निदान या चुका तरी टाळा

आमच्या सोसायटीत गेल्या काही वर्षांत फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया या जोडगोळीतल्या पाच-सहा गाड्या आल्या. दोन्ही २०२२ साली बाजारात आलेल्या, दोन्ही आपल्या चाकणला बनणाऱ्या. दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन घेतलं तर १५० पीएस ताकद, २५० न्यूटन मीटर टॉर्क आणि मागे ५२१ लिटरची डिकी. घरच्यांना ऐसपैस सेडान, चालवणाऱ्याला खेळणं. पेढे वाटून होतात, आणि सहा महिन्यांनी मला फोन येतो, "काका, गाडी पहिल्यासारखी वळत नाही हो." खाली जाऊन बघावं तर गाडीत पहिल्यासारखं ठेवलेलंच काही नसतं.

दोन इंच मोठी चाकं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे इथे जरा जास्त बोलणार आहे.

या गाड्यांच्या वरच्या मॉडेलना कारखान्यातून २०५/५५ आर१६ मापाचे टायर येतात. म्हणजे टायर २०५ मिलिमीटर रुंद आणि साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची त्याच्या ५५ टक्के, सुमारे ११३ मिलिमीटर. खड्डा पहिल्यांदा झेलते ती ही ११३ मिलिमीटर रबर आणि हवा. स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरची पाळी त्यानंतर येते. इंजिनिअरांनी सस्पेन्शन बसवताना हा टायर धरूनच हिशोब केलेला असतो.

माझ्या मावसभावाने साधारण याच मापाच्या सेडानला १८ इंची चाकं लावली. टायर २२५/४० आर१८. दुकानदाराने त्याला पटवलं की बाहेरचा व्यास जवळजवळ तोच राहतो. ते खरंही आहे, ६३२ मिलिमीटरच्या जागी ६३७. स्पीडोमीटरला फरक कळतसुद्धा नाही. पण साइडवॉल ९० मिलिमीटरवर आली हे कोणी बोललं नाही. आणखी एक गोष्ट त्याने वाचली नाही, दुकानदाराने दाखवली नाही. जुन्या टायरवर ९१ असा लोड इंडेक्स होता, म्हणजे एका टायरने ६१५ किलो पेलायचे. नव्यावर होता ८८, म्हणजे ५६० किलो. याच मापात ९२ चा जास्त भाराचा टायर मिळतो, पण तो महाग पडला असता.

जुलैमध्ये आम्ही ताम्हिणीतून माणगावकडे निघालो. गाडीत पाच माणसं, डिकी गच्च, मागे मावशी. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. रात्रीचे साडेनऊ, पाऊस असा की वायपर नुसते हात हलवत होते. पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही. धाड! आणि लगेच मागून दुसरं धाड. डाव्या बाजूचे दोन्ही टायर गेले. पुढचा साइडवॉलला फाटला, मागच्याची रिमच अशी वाकली की हवा राहीना. स्टेपनी एक. मोबाइलला रेंज नाही. एका टेम्पोवाल्याने मावशीला आणि मुलांना पुढच्या हॉटेलपर्यंत सोडलं, टोइंगची गाडी पहाटे आली. मावशी एक शब्द बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

१६ इंची टायर असता तर काही झालंच नसतं, असं मी म्हणणार नाही. खड्डा वाईटच होता. पण दोन्ही चाकं एकदम गेली नसती असं मला वाटतं.

शिवाय मोठी रिम बहुधा जड असते. हे वजन स्प्रिंगच्या खालचं, गाडीबरोबर न तरंगणारं. प्रत्येक उंचवट्यावर तेवढं वजन वर फेकायचं आणि पुन्हा रस्त्याला टेकवायचं. टेकायला उशीर झाला की तेवढा वेळ पकड नाही. म्हणजे वळणावर चिकटून राहावी म्हणून केलेला खर्च खराब वळणावर गाडीला नाचवतो.

माझं मत सांगतो: रिम तीच ठेवा आणि पैसे चांगल्या टायरवर घाला. अगदीच मोठी हवी असतील तर एक इंच, आणि लोड इंडेक्स मूळच्या खाली जाऊ देऊ नका. तो साइडवॉलवर मापाच्या शेजारीच छापलेला असतो.

"सगळीकडे पस्तीस मार"

पेट्रोल पंपावर हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. किती हवा भरायची ते गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, दाराच्या चौकटीवर नाहीतर पेट्रोलच्या झाकणाच्या आत. दोन माणसांसाठी वेगळा आकडा, भरल्या गाडीसाठी वेगळा. आणि हा आकडा थंड टायरचा. हायवेवर शंभर किलोमीटर पळवून पंपावर थांबलात, जास्त दिसते म्हणून हवा काढलीत, तर सकाळी टायर मऊ. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की साधारण एक पीएसआय वाढतो, त्यामुळे गरम टायर जास्त दाखवणारच.

टायर प्रेशरचा दिवा आहे म्हणून निर्धास्त राहणारेही आहेत. बऱ्याच गाड्यांत चाकामध्ये सेन्सर नसतोच. ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या एबीएसचे सेन्सर चाकांच्या फेऱ्या मोजतात, हवा कमी झालेलं चाक किंचित जास्त फिरतं आणि त्यावरून अंदाज बांधला जातो. चारही टायर सारखेच हळूहळू उतरले तर तुलना कशाशी करणार? आणि हवा भरल्यावर ती यंत्रणा रीसेट केली नाहीत, तर ती जुनंच माप धरून बसते. मी स्वतःचा गेज ठेवतो आणि पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी, गाडी हलवण्याआधी बघतो. बायको याला पूजा म्हणते.

घाटात नुसता ब्रेक

महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे आणि आंबेनळीने चाळीसेक किलोमीटरमध्ये तुम्ही पोलादपूरला जवळजवळ समुद्रसपाटीवर येता. भरलेली गाडी दीड टनाच्या वर. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना निघणारी सगळी उष्णता कुठेतरी जायलाच हवी. गिअर डीमध्ये टाकून पाय सतत ब्रेकवर ठेवला तर ती डिस्क आणि पॅडमध्ये जाते. आधी जळका वास, मग ब्रेकचं पेडल मऊ. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे जुनं ऑइल लवकर उकळतं. मग वाफेचे बुडबुडे दाबले जातात, ब्रेक लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी या घाटात माझ्यापुढे असाच एक पठ्ठ्या होता. चढताना स्टीअरिंगमागच्या गिअर बदलायच्या पाकळ्या ओढत रेसिंग केलेलं मी पाहिलं होतं. उतरताना मात्र मागचे लाल दिवे एकदाही विझले नाहीत. अर्ध्यात बाजूला उभा, पुढच्या चाकांतून धूर, आणि साहेब बाटलीतलं गार पाणी डिस्कवर ओतायच्या तयारीत. हात धरला म्हणून वाचला, नाहीतर तापलेली डिस्क वाकडी व्हायला वेळ लागत नाही. त्या पाकळ्या चढापेक्षा उतारालाच जास्त कामाच्या आहेत. गिअर खाली आणा, तिसरा, गरज पडली तर दुसरा. इंजिन ओरडेल, ओरडू द्या. पेट्रोल जळत नाही, कारण पाय काढलेला असताना गिअरमध्ये इंधन तोडलेलं असतं. वळणाआधी ब्रेक ठाम मारा आणि सोडा. न्यूट्रलमध्ये घाट उतरून पेट्रोल वाचवणाऱ्यांशी मी वाद घालणं बंद केलंय.

याच गिअरबॉक्सबद्दल एक ओळ: दीड लिटरच्या या गाड्यांतला सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ड्राय क्लचचा आहे (क्लच तेलात बुडालेले नसतात, लवकर तापतात), त्यामुळे चढावर अ‍ॅक्सिलरेटरने गाडी तोलून धरू नका, ब्रेक धरा.

ईएससी बंद करणारे वीर

"खरं ड्रायव्हिंग" करायचं म्हणून ताम्हिणीत ईएससी बंद करतात, म्हणजे गाडी घसरू लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा. १९९७ साली स्वीडनमध्ये एका मासिकाच्या चाचणीत, रस्त्यात अचानक हरिण आल्यावर चुकवतात तशी मर्सिडीझची नवी ए-क्लास वळवली आणि ती उलटली. कंपनीने गाड्या पोचवणं थांबवलं, सस्पेन्शन बदललं आणि छोट्या गाडीत ईएसपी (ईएससीचंच दुसरं नाव) सरसकट दिलं. तिथे चाचणी घेणारे कसलेले ड्रायव्हर होते. तुम्ही आणि मी, मागे झोपलेली पोरं घेऊन, त्यांच्यापेक्षा चलाख नाही.

शिवाय वळणात आतलं चाक फिरू लागलं की त्याला हलकेच ब्रेक लावून ताकद बाहेरच्या चाकाकडे ढकलणारी एक्सडीएससारखी सोयही याच यंत्रणेतून चालते. २०२० साली भारतात फक्त २०० आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ मध्ये यासाठी खरोखरचा इलेक्ट्रॉनिक लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटून देणारा वेगळा भाग, होता. आपल्या गाडीत ते काम ब्रेक करतात, म्हणजे सलग वळणांत तेही तापतात. वरचा घाटाचा भाग पुन्हा वाचा.

आता किरकोळ

स्प्रिंग कापून गाडी खाली बसवू नका. उलट, स्पीडब्रेकरला पोट घासतं म्हणून स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे बफरही घालू नका. वेढे अडले की स्प्रिंग कडक होते, शॉकअ‍ॅब्सॉर्बर मात्र जुन्याच स्प्रिंगच्या मापाचा, आणि गाडी उसळत राहते. गाडीत पाच जण असतील तेव्हा तो स्पीडब्रेकर तिरका घ्या, फुकट उपाय आहे.

सीट आरामखुर्चीसारखी मागे टाकून, एका हाताने स्टीअरिंग धरून कोणी हँडलिंगवर मत देऊ लागलं की मी विषय बदलतो. पाठ सीटला टेकली नाही तर बाजूच्या उशा शोभेच्याच.

दोनच नवे टायर घेत असाल तर ते मागे लावा. टायरवाला म्हणेल ओढ पुढच्या चाकांना आहे, पुढे लावा. ऐकू नका. ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर पाय काढून गाडी सावरता येते. मागची घसरली तर सावरायला वेळच मिळत नाही. आमचा टायरवाला माझ्याशी दर वेळी यावरून वाद घालतो आणि दर वेळी शेवटी मागेच लावतो.