सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्हचा मंदावलेला सेन्सर कसा दुरुस्त करावा

ऐंशीच्या दशकातल्या पीसींच्या सव्वापाच इंची ड्राइव्हमध्ये साधारणपणे तीन प्रकाश-सेन्सर असतात: ट्रॅक शून्य (डिस्कचा सर्वांत बाहेरचा ट्रॅक), इंडेक्स छिद्र (डिस्कच्या प्रत्येक फेरीची सुरुवात दाखवणारं) आणि राइट-प्रोटेक्टची खाच (झाकली की लिहिणं बंद) यांसाठी. प्रत्येकात एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, समोर तो प्रकाश टिपणारा फोटोट्रान्झिस्टर. वर्षानुवर्षं पेटून थकतो तो एलईडी; फोटोट्रान्झिस्टर क्वचितच जातो. म्हणून अख्खा सेन्सर उपटायची घाई करू नका.

लक्षणं नीट पाहा. खाच उघडी असूनही लिहिता येत नसेल तर राइट-प्रोटेक्टचा प्रकाश पोहोचत नाही. फॉरमॅट सुरूच होत नसेल तर इंडेक्सवर संशय घ्या. ३०० आरपीएमला त्याचा पल्स (फेरीमागे एक सिग्नल) दर २०० मिलिसेकंदांनी यायला हवा. ट्रॅक शून्यचं दुखणं मात्र फसवं असतं. शून्यावर हेडसोबत सरकणारं पातं प्रकाश अडवत असेल तर मंद एलईडीमुळे हेड कुठेही असलं तरी ‘शून्यावर आहे’ असाच सिग्नल जातो. रचना उलट असेल तर हेड मागच्या थांब्यावर खटखट आपटत राहतं.

वीज बंद करून आधी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने दोन्ही भिंगं पुसा. पुष्कळदा दोष धुळीचाच निघतो.

तरी फरक पडला नाही तर वीज सुरू करून मल्टिमीटर लावा. एलईडीवर साधारण १.२ व्होल्ट दिसले पाहिजेत. ५ व्होल्ट दिसले तर तो तुटलेला आहे. पण १.२ दिसले म्हणजे प्रकाश पुरेसा आहे असं नाही. थकलेला एलईडीही तेवढेच दाखवतो. खरा निकाल फोटोट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर (त्याच्या सिग्नलच्या पायावर) लागतो. नेहमीच्या जोडणीत प्रकाश पडल्यावर तिथे ०.८ व्होल्टच्या खाली आणि कागदाने अडवल्यावर ४ च्या वर जायला हवं. मधेच घुटमळत असेल तर जुन्या तारेच्या बल्बच्या टॉर्चचा झोत फोटोट्रान्झिस्टरवर मारा. व्होल्टेज झटकन खाली आलं, तर तो धड आहे आणि एलईडीच बदलायचा आहे. मोजताना ऊन पडू देऊ नका, उन्हातही इन्फ्रारेड असतं. ३४ पिनी कनेक्टरवर (८ इंडेक्स, २६ ट्रॅक शून्य, २८ राइट-प्रोटेक्ट) मोजू नका. ड्राइव्ह निवडलेला नसेल तर तिथे काहीच कळत नाही.

नवा एलईडी त्याच व्यासाचा, ९४० नॅनोमीटरचा घ्या. काढण्यापूर्वी जुन्याचा ॲनोड (धन पाय) कुठे होता ते टिपून ठेवा. सुमारे ३५० अंशांवर, एका पायाला ३ सेकंदांहून जास्त वेळ न लावता झाळा (सोल्डर करा). जुना रेझिस्टर तसाच राहू द्या. तो कमी करून थकलेल्या एलईडीतून जास्त करंट ढकलला तर चार दिवस चालतं, पण एलईडी आणखी लवकर मरतो.

ट्रॅक शून्यच्या सेन्सरचा स्क्रू सैल करावाच लागला, तर आधी त्याच्या कडेने अणकुचीदार सुईने रेघ ओढा. जागा सरकली तर शून्य ट्रॅकच भलतीकडे धरला जातो. शेवटची चाचणी दुसऱ्या ड्राइव्हवर लिहिलेल्या फ्लॉपीनेच करा. याच ड्राइव्हने नव्याने लिहिलेली फ्लॉपी सेन्सर सरकलेला असतानाही बिनबोभाट वाचली जाते.