स्टीमवर सोबतीने आणि एकट्याने गेम कसे खेळायचे: सुरुवात ग्रुपमधल्या सगळ्यात जुन्या लॅपटॉपपासून

दर शनिवारी रात्री साडेनऊला आमची शेती सुरू होते. मी पुण्यात, मावसभाऊ नागपूरला आणि ताई न्यू जर्सीत, तिच्याकडे तेव्हा भर दुपारचे बारा (हिवाळ्यात अकरा) वाजलेले असतात आणि मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत असतात. शेती अर्थातच गेममधली, खऱ्या शेतीतलं तिघांनाही ओ की ठो कळत नाही. ऑफिसात चार जणांनी विचारलं की हे नक्की जमवता कसं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

आधी अकाउंट. स्टीम हे व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीचं पीसी गेमचं दुकान, २००३ पासून चालू आहे. ॲप फुकट, गेम विकत, काही गेमही फुकट. किमती रुपयात दिसतात आणि यूपीआयने पैसे भरता येतात, त्यामुळे क्रेडिट कार्ड नाही म्हणून अडायचं कारण नाही. विंडोज ७ किंवा ८ वाला जुना पीसी असेल तर मात्र विसरा, १ जानेवारी २०२४ पासून त्यांचा सपोर्ट बंद झालाय. अकाउंट काढल्या काढल्या मोबाईलवर स्टीमचं ॲप टाकून स्टीम गार्ड, म्हणजे लॉगिनला मोबाईलवरून खात्री करून घेणारी सोय, चालू करा. आणि एखादा मित्र अचानक "माझ्या टीमला व्होट कर" म्हणून लिंक पाठवायला लागला तर समजून जा की मित्राचं अकाउंट गेलंय, लिंकवर लॉगिन केलंत तर तुमचंही जाईल.

एक गोष्ट नवीन माणसाला हमखास छळते. नव्या अकाउंटवरून फ्रेंड रिक्वेस्ट जात नाही. साधारण ५ डॉलरइतके पैसे स्टीमवर खर्च होईपर्यंत किंवा वॉलेटमध्ये भरेपर्यंत अकाउंट मर्यादित असतं. ताई अर्धा तास "अरे बटणच चालत नाहीये" म्हणत बसली होती. उपाय सोपा, ज्याचं अकाउंट जुनं आहे त्याने रिक्वेस्ट पाठवायची, नव्याने फक्त ॲक्सेप्ट करायची.

आता गेम निवडणं, आणि इथेच बहुतेक जण चुकतात कारण सगळे रिव्ह्यू बघतात, ट्रेलर बघतात, आणि ज्याच्याकडे ग्राफिक्स कार्ड आहे तो ठरवतो. उलटं करा. ग्रुपमध्ये सगळ्यात जुना लॅपटॉप कोणाचा आहे ते विचारा आणि त्यावर चालेल असाच गेम घ्या. स्टोअरच्या पानावर खाली मिनिमम रिक्वायरमेंट्स दिलेल्या असतात, त्या स्वतःच्या नाही, त्या माणसाच्या लॅपटॉपशी ताडून बघायच्या. मग उजवीकडच्या यादीत नेमकं काय लिहिलंय ते वाचा. को-ऑप म्हणजे एकाच बाजूने मिळून खेळणं. "ऑनलाइन को-ऑप" म्हणजे आपापल्या घरून एकत्र. "शेअर्ड/स्प्लिट स्क्रीन को-ऑप" म्हणजे एकाच स्क्रीनसमोर बसून. नुसतं "मल्टिप्लेअर" लिहिलं असेल तर कदाचित एकमेकांना मारायचाच गेम असेल. मी पहिला गेम घेतला तो नुसतं को-ऑप एवढाच शब्द वाचून, तिघांनी तीन कॉप्या घेतल्या आणि नंतर कळलं की हा एकाच सोफ्यावर बसून खेळायचा आहे.

पण त्यातही मार्ग निघतो. स्टीममध्ये रिमोट प्ले टुगेदर नावाची सोय आहे, २०१९ मध्ये आली. एकाच स्क्रीनवर खेळायचा गेम असेल तर फक्त एकाने विकत घ्यायचा, गेम त्याच्याच मशीनवर चालतो आणि बाकीच्यांना व्हिडिओसारखा दिसतो, बटणं मात्र सगळ्यांची चालतात. मशीन दणकट आणि अपलोड स्पीड चांगला असा माणूस होस्ट असायला हवा, नाहीतर बाकीच्यांना पात्रं अडखळत चालताना दिसतात. म्हणजे तीनपैकी दोन कॉप्यांचे पैसे आमचे उगाचच गेले.

सुरुवातीला काय घ्यावं? माझं मत सांगतो. दोघंच असाल आणि मशीन जुनं असेल तर पोर्टल २, २०११ चा गेम आहे, दोन रोबोटची वेगळी को-ऑप गोष्ट त्यात आहे आणि डोकं दोघांनाही चालवावं लागतं. मशीन बरं असेल तर इट टेक्स टू, घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचं जोडपं बाहुल्या होऊन बसतं ती गोष्ट, एकट्याने खेळताच येत नाही, आणि एकाने घेतला तर दुसरा फ्रेंड्स पासवर फुकट खेळतो. त्याला ५० जीबी जागा लागते. ५० एमबीपीएसच्या लाइनवर तेवढं उतरायला सव्वादोन तास जातात, तेव्हा शुक्रवारी रात्रीच डाऊनलोडला लावून झोपा.

तिघं-चौघं असाल तर स्टारड्यू व्हॅली. अर्धा जीबीचा गेम, कुठल्याही लॅपटॉपवर पळतो, एरिक बरोन नावाच्या एकट्या माणसाने बनवून २०१६ मध्ये आणला, को-ऑप त्यात २०१८ ला आलं. आजोबांची पडीक शेती मिळते, पार्सनिप नावाच्या गाजरासारख्या कंदाच्या १५ बिया मिळतात आणि कामाला लागायचं. इथे लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे शेत होस्टच्या कॉम्प्युटरवर असतं, होस्ट आला नाही तर शेतच उघडत नाही. आणि गेम सेव्ह होतो फक्त रात्री झोपल्यावर. गेममधला एक दिवस आपल्या साधारण चौदा मिनिटांचा, आणि सगळे गादीवर गेल्याशिवाय तो लवकर संपत नाही, गेममधल्या रात्री दोनपर्यंत चालतो. त्यामुळे आमच्याकडे दर शनिवारी हा संवाद होतो:

"अगं ताई, झोप की आता!"

"थांब रे, कोंबड्यांचं दार लावायचं राहिलंय."

एकदा मावसभाऊ होस्ट होता आणि ताई गादीवर चढणार तेवढ्यात त्याच्याकडची लाइट गेली. अख्खा दिवस वाया, पकडलेले मासेसुद्धा गेले. तेव्हापासून ज्याच्या घरी इन्व्हर्टर आहे तोच होस्ट.

विकत घेतल्यावर पहिल्या दोन तासांत काय करता याला फार महत्त्व आहे. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळलेला वेळ दोन तासांहून कमी असेल तर स्टीम पैसे परत देतं, सहसा कारण फारसं न विचारता. पण लोक काय करतात, एकटेच बसून ट्यूटोरियल खेळतात, कॅरेक्टरचे केस निवडतात आणि वेळ संपवतात. तसं नको. इन्स्टॉल झालं की आधी सगळे एकत्र जोडले जाताय का, आवाज येतोय का, जुन्या लॅपटॉपवर अडकतंय का एवढंच बघा, अर्ध्या तासात कळतं. बोलायला स्टीमचं चॅट पुरतं. हेडफोन लावा, आणि डोक्यावरचा पंखा माइकमध्ये घोंघावतो तो एक नंबरवर करा, बाकीचे दुवा देतील.

परदेशातल्या माणसाला गिफ्ट करायचा विचार असेल तर जपून. इथल्या आणि तिथल्या किमतीत फार फरक असला की स्टीम गिफ्ट अडवतं, म्हणून ताई तिचं तीच घेते. घरातल्या घरात मात्र स्टीम फॅमिलीज वापरा, सहा जणांपर्यंत एकमेकांचे गेम खेळता येतात, फक्त एका कॉपीवर एका वेळी एकच जण. बाहेरच्या मित्राला उगाच घुसवू नका, ती जागा रिकामी झाली तरी वर्षभर दुसऱ्याला देता येत नाही. आणि उन्हाळी सेल जूनच्या शेवटी, हिवाळी डिसेंबरच्या शेवटी असतो, विशलिस्टमध्ये टाकून ठेवा, मेल येतो.

एकट्याने खेळायचं तर आधी फ्रेंड लिस्टमध्ये स्टेटस इनव्हिजिबल करा, नाहीतर पाचव्या मिनिटाला "येतोस का" सुरू होतं. एकटेपण आणि सोबत दोन्ही हवं असेल तर डीप रॉक गॅलॅक्टिक बघा, चार बुटके खाणकामगार, एकटे गेलात तर सोबतीला बॉस्को नावाचा ड्रोन मिळतो. निवांत एकट्याने खेळायला मी लोकांना "राजी" हा गेम सुचवतो, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला, २०२० चा. भावाला शोधत निघालेली मुलगी, भिंतीभिंतीवर चित्रं, मारामारी जरा ठोकळेबाज वाटते मला, पण चित्रांसाठी थांबत थांबत खेळतो.

प्रवासात खेळणार असाल तर घरी नेट चालू असतानाच गेम एकदा उघडून बघा, अपडेट होऊ द्या, मग स्टीमच्या मेन्यूतून गो ऑफलाइन करा आणि मगच लॅपटॉप बॅगेत टाका. हे न करता मी एकदा मुंबईला निघालो आणि लोणावळा सुटल्यावर उघडायला गेलो, तर घाटात रेंज नाही आणि गेमचं अपडेट बाकी, कर्जत येईपर्यंत बोगदे मोजत बसलो.